नॉर्मलची नळी

सोमवार, १० नोव्हेंबर १९८६

माझं एसजीपीटी, लिव्हरच्या टेस्टचा आकडा, आज छत्तीस! मशीनला वेड लागलं.

धुळ्याच्या देवपुरात दुकान टाकून नऊ वर्षं झाली. लोक लॅब म्हणतात, मी दुकानच म्हणतो. या नऊ वर्षांत माझी नळी अठरा दाखवते. सतरा, अठरा, फार तर एकोणीस. कंट्रोल सिरम, म्हणजे ज्याचा आकडा आधीच पक्का ठाऊक असतो ते, मुंबईहून बर्फात घालून मागवायचं, आणि ते धुळ्याला पोचेपर्यंत बर्फाचं कोमट पाणी. त्यापेक्षा आपला दंड बरा! लिव्हरच्या टेस्ट मी सोमवारीच लावतो. सकाळी आधी स्वतःचं दोन सीसी रक्त काढायचं, पेशंटांच्या नळ्यांच्या रांगेत एक आपली उभी करायची. आपली अठरा आली की समजायचं, बाकीच्या खऱ्या बोलतायत. छोट्या गावांतले बरेच जण असंच करतात. जळगावचा चुडामण — आम्ही दोघं एकाच सरकारी दवाखान्यात बाटल्या धूत वर आलो — तो त्याच्या लॅबमध्ये भावाचं रक्त वापरतो. स्वतःला सुई टोचून घ्यायची भीती वाटते गड्याला!

तर आज छत्तीस. रसायनांचा नवीन लॉट गेल्या आठवड्यात आला, त्याचाच प्रताप. रंग गडद उतरतोय, आणि रंग जितका गडद तितका आकडा मोठा. म्हणजे सगळ्यांचेच दुप्पट आले असणार. सगळे निम्मे केले. माझे अठरा झाले. मग रिपोर्ट लिहिले.

शाळेतल्या लताबाई, ज्यांना टीबीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांचे अडुसष्ट आले होते. चौतीस लिहिले. चाळीसपर्यंत नॉर्मल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

रसायनवाल्याला पत्र टाकलं. ‘आपला माल जास्त तिखट आहे.’ लिहून झाल्यावर हसू आलं — मिरची विकतो की काय तो!

सोमवार, १७ नोव्हेंबर

तोच प्रकार. निम्मे केले.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज माझी नळी चोपन्न. माल बाटलीत मुरतोय वाटतं, लोणच्यासारखा. आता तीनने भागायचं.

लताबाईंचा पंधरा दिवसांचा नंबर आज होता. सोबत सासू — भागाबाई. म्हातारीचं तोंड बंद नसतं, पण मला तिची बोली ऐकायला आवडते. मी सावद्याचा, आमचं बोलणं वेगळं. तरी नऊ वर्षांत कान तयार झाला. पडद्याआड रक्त काढत होतो तेव्हा बाहेर बाकावर तिचं चालू — “आमनी सून काहीच खास नही बहीण. तोंड वाकडं करस. मी सांगस, शाळामा जावाले बळ शे आन् भाकर खावाले नही?”

लताबाई आत माझ्यासमोर बसून सगळं ऐकत होत्या. हात पुढे करून खिडकीकडे बघत राहिल्या.

मग म्हातारीने मला धरलं. “भाऊ, दर पंधरा दिनले रंगत काढतस, ते काय दखतस त्यामा?”

म्हटलं, “आजी, घरात धान्याची पोती आहेत. घराला कुलूप. आत शिरता येत नाही. पण पोतं फाटलं तर दाणे दाराखालून अंगणात येतात की नाही? आम्ही अंगणातले दाणे मोजतो. लिव्हर म्हणजे ते घर. त्याच्या पेशी फाटल्या की हा माल रक्तात सांडतो. टीबीच्या गोळ्या कडक, एखाद्याच्या लिव्हरला चावतात. दाणे वाढले की डॉक्टर गोळ्या थांबवतात.”

“आन् नही वाढनात तं?”

“तर गोळ्या चालू.”

म्हातारीने सुनेकडे असं बघितलं, जणू खटला जिंकला.

लताबाई — एकशे पाच भागिले तीन, पस्तीस. नॉर्मल.

सोमवार, १ डिसेंबर

डॉ. भंगाळे आज दुकानात येऊन गेले. स्वतः! त्यांचा दवाखाना चार घरं सोडून, पण एरवी चिठ्ठी येते, माणूस नाही. देवपुरातले निम्मे पेशंट तेच धाडतात मला. हातात माझा रिपोर्ट — पुना नावाच्या एका मळेकऱ्याचा. डोळे पिवळेधमक घेऊन आला होता. मी त्याचं एसजीपीटी एकशे चाळीस लिहिलं, चाळीसच्या वर खरं, पण अशा डोळ्यांना फार थोडं.

“तोताभाऊ,” म्हणाले, “माणसाचे डोळे हळद, आणि तुमचा कागद दूध?”

म्हटलं, “उतरती कावीळ असेल डॉक्टर. डोळे मागाहून निवळतात.”

“हं,” म्हणाले. पटलं नाही, पण बारा पेशंट बाहेर बसलेले. गेले.

खरं तर चारशे वीस आले होते. तीनने भागून एकशे चाळीस. हिशोब चोख आहे माझा.

रविवार, ७ डिसेंबर

सावद्याला भावाच्या मळ्यात भरताचं जेवण. वर्षाचा हा एक दिवस मी सोडत नाही. तुराट्यांच्या जाळावर वांगी, त्यात कांद्याची पात, हिरव्या मिरच्यांचं कुटलेलं, वर शेंगदाण्याचं तेल सोडलेलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. एके काळी याच गावात स्टेशनवर बाप केळीचे घड वॅगनीत भरायचा, आणि मी खाली पडलेली पानं गोळा करायचो. आता भाऊ मळा राखून आहे आणि मला ‘लॅबवाले’ म्हणून खुर्ची मिळते. मजा वाटते.

पण आज घास फिरला तोंडात. तेलाचा वासच नको झाला. पान तसंच सरकवलं.

बायको, सुमन, बघत होती. “काहून हो, भरीत टाकून देतं का कोणी? तुमी?”

म्हटलं, “तेल जुनं आहे.”

भावजयीने ऐकलं. घाण्यावरून काल आणलेलं तेल! तिच्या तोंडावरचा रंग उतरला. मी उगाच बोललो.

विडी ओढावी म्हटलं, तीही कडू लागली. थंडीचा मोसम, पित्त असेल.

सोमवार, ८ डिसेंबर

नव्वद! आता पाचने भागायचं.

लताबाई आल्या होत्या. दोन महिन्यांत बाई अर्धी झाली. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. आज एकट्याच होत्या, सासू नाही, म्हणून बोलल्या. “तोताभाऊ, एक विचारू? कागदावर नॉर्मल आणि पोटात असं, हे होतं का हो?”

“असं म्हणजे कसं?”

“गोळ्या बघितल्या तरी उलटी येते. डॉक्टर म्हणतात मनाचं आहे. टीबीचं औषध मध्ये सोडलं तर मरशील, म्हणतात. घरी हे तुमचे रिपोर्ट भिंतीला खिळ्यात अडकवून ठेवलेत. मी नाही म्हटलं की सासूबाई बोट दाखवतात.”

म्हटलं, “आजचा आकडा बघू.”

एकशे ऐंशी आला. भागिले पाच, छत्तीस.

बघा, चौतीस, पस्तीस, छत्तीस. मुंगीच्या पावलाने. काळजीचं काही नाही. दुपारी मोतीलाल, त्यांचा नवरा, एसटी वर्कशॉपमधला, रिपोर्ट न्यायला आला. घडी न उघडता विचारलं, “नॉर्मल ना?” मी मान हलवली. म्हणाला, “माहीतच होतं. नाटकं.”

कागद माझा. तो दाखवून त्या बाईला गोळ्या गिळायला लावतात. हे लिहिताना बरं वाटत नाही. पण आकडा आकडा असतो.

मंगळवार, ९ डिसेंबर

रसायनवाल्याचं उत्तर आलं. ‘सदर लॉटबद्दल अन्य कोणाचीही तक्रार नाही.’ लबाड लेकाचे.

सोमवार, १५ डिसेंबर

सगळं नीट लिहून काढतो. क्रमाने लिहितो.

सकाळी साडेदहाला भागाबाई दुकानाच्या पायरीवर टेकली. माझ्याकडे काम नव्हतं तिचं, शेजारच्या मेडिकलमध्ये आली होती. लताबाईंची टीबीची लाल कॅप्सूल बाजारात नाही, आज येईल उद्या येईल चाललंय. ओळखीची एक बाई भेटली, तिला सांगत होती. मी आत नळ्या धूत होतो. पाण्याचा आवाज, बाहेर टांग्याचा आवाज, तरी ऐकू आलं —

“चार दिनपाईन कॅप्सूल नही शे. तरी लघवी तशीच लाल करस. बठ्ठं आंग तापेल शे तिनं, दुसरं काय!”

मी नळ बंद केला.

त्या कॅप्सूलने लघवी लाल होते. सगळ्यांनाच होते. डॉक्टर पहिल्या दिवशीच सांगून ठेवतात, घाबरू नका. पण चार दिवस कॅप्सूल पोटात नाही, तर मग हा रंग कोणाचा?

पायरीवर जाऊन म्हटलं, “आजी, घरी जा आणि सूनबाईंची लघवी बाटलीत घालून मोतीलालच्या हाती पाठवा. आत्ता.” म्हातारी म्हणाली, “काय व्हयनं?” म्हटलं, “काही नाही, पाहायचंय.”

बारा वाजता बाटली आली. कडक चहासारखी. हलवली — फेस पिवळा. परीक्षानळीत ओतून वरून गंधकाची पूड भुरभुरली. चांगल्या लघवीवर पूड तरंगते, साय तरंगावी तशी. ही सरळ खाली बुडाली. पित्त! लिव्हर चांगलंच बिघडलंय. आणि माझा आठ दिवसांपूर्वीचा कागद म्हणतो छत्तीस.

दोन्ही खरं असू शकत नाही. गंधकाला काही लॉट-बिट नसतो. मग खोटं कोण?

घर दुकानाच्या मागेच. सुमनला हाक मारली. पिठाच्या हातानेच आली. म्हटलं, बस, दंड दे. “मले काय झालं?” म्हणाली. म्हटलं, तुला काही झालं नाही, म्हणूनच दे.

आजच्या रांगेत तिची नळी लावली. वीस आली. पाचने भागलं. चार!

जिवंत माणसाचं चार येत नाही. आणि समोर उभी राहून ही मला विचारतेय, झालं का, पोळ्या करपतील. न भागता वीस. अगदी व्हायला हवं तेवढं.

मग जे महिन्यापूर्वी करायला पाहिजे होतं ते केलं. पायरूव्हेटचं पक्कं द्रावण, ज्याची मात्रा आधीच ठाऊक असते, ते घेऊन मोजमाप तपासलं. भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचा आलेख चिकटवलेला आहे, त्याच्या रेषेवर प्रत्येक ठिपका जाऊन बसला. माल चांगला. मशीन चांगलं. वॉटर बाथचं पाणी सदतीस अंशांवर. पाऊण तासाचं काम! पाच आठवड्यांत सुचलं नाही.

का सुचलं नाही? रांगेतले बाकी सगळे पेशंट. निरोगी एकटा मीच! मग बिघाड कुठे शोधायचा — बाटलीत, तारेत, विजेत, रसायनवाल्यात. स्वतःत कोण शोधतं?

माझी आजची नळी एकशे चार. हीच ती नळी, जिच्या मापाने मी अख्खं देवपूर मोजलं.

स्वतःची लघवी नळीत घेतली. पूड टाकली. बुडाली.

बुडू दे. ते नंतर. लताबाईंच्या गेल्या सोमवारच्या खऱ्या आकड्याला आठ दिवस झाले, आणि कॅप्सूल नसली तरी बाकीच्या गोळ्या चालूच आहेत. आजही दुपारी जेवणानंतर गिळायला लावतील, माझा कागद दाखवून. उठतो.

मंगळवार, १६ डिसेंबर

काल वही तशीच टाकून आधी लताबाईंच्या घरी गेलो, मग दवाखान्यात. क्रम महत्त्वाचा होता. मोतीलाल जेवायला घरी आलेला. ताटाशेजारी गोळ्या काढून ठेवलेल्या. मी वाटीतून उचलल्या आणि खिशात टाकल्या. “या आता घ्यायच्या नाहीत. कपडे बदला, डॉक्टरांकडे चला.”

डॉ. भंगाळ्यांना सगळं सांगितलं, दुप्पट, तिप्पट, पाचपट. ते आवाज चढवतील असं वाटलं होतं. नाही चढवला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“पाच आठवडे मी त्या बाईला रागावतोय, तोताभाऊ. तुमच्या कागदावर.”

“हो.”

“तुम्ही एकदा येऊन म्हणाला असतात, माझा आकडा मला पटत नाही — बस. एवढंच.”

“हो.”

मग खालच्या आवाजात म्हणाले, “हे बघा, मी घरच्यांना सांगतो औषधाची रिअ‍ॅक्शन आली. ते खोटंही नाही. तुम्ही गप्प बसा. बाकीच्यांचेही हळूहळू नवीन कागद करून द्या. गावात बोभाटा झाला तर दुकान राहील का तुमचं?”

माणूस चांगला. माझ्याच भल्याचं बोलत होता. पण बाहेर बाकावर मोतीलाल बसलेला. मला तो ‘नाटकं’ म्हणालेला ऐकू येत होता. गप्प बसलो तर बायकोचं नाटक नाटकच राहील त्याच्या डोक्यात. जन्मभर.

बाहेर जाऊन सांगितलं. उभ्यानेच. “तुमच्या बायकोचे आकडे वाढत होते. मी चुकीने खाली आणले. त्या खोटं बोलत नव्हत्या. माझा कागद खोटं बोलत होता.”

मला वाटलं कॉलर धरेल. हात वर्कशॉपमधले, माझे दोन होतील. तो बसूनच राहिला. मग म्हणाला, “काल तिच्या तोंडात मी कोंबल्या भाऊ गोळ्या. हाताने.”

त्यापेक्षा कॉलर धरली असती तर बरं.

बाईंना दवाखान्यात दाखल केलं. सगळ्या गोळ्या बंद. आता लिव्हर सावरायची वाट बघायची. पण फार दिवस बघता येणार नाही. औषधाविना टीबी छातीत बसून राहणार, तो काय सुट्टी घेतो? डॉक्टर म्हणाले, आकडा चाळीसच्या खाली आला की एकेक गोळी परत सुरू करता येईल. आणि वरच चढत गेला तर बाई वाचणं कठीण.

माझ्या दुकानात सध्या लिव्हरच्या दोन्ही टेस्ट, एसजीपीटी आणि एसजीओटी, बंद. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात नळ्या, थर्मास जळगाव एसटीच्या कंडक्टरच्या हाती. चुडामण करणार आणि समोरच्या किराणा दुकानात ट्रंक कॉल लावून आकडा सांगणार. फोनवर त्याला सगळी हकिकत सांगितली.

“तोता,” म्हणाला, “मी उद्याच भावाचं रक्त तपासतो रे बॉ.”

बुधवार, १७ डिसेंबर

चुडामणचा फोन. लताबाई दोनशे बारा. मी एकशे आठ. त्याचा भाऊ सतरा — “वाचलो!” म्हणाला.

दवाखान्यात जाऊन आलो. बाईंच्या डोळ्यांत आता पिवळं स्पष्ट दिसतं. मला बघून उशीला टेकून बसल्या. मी माफी मागायची वाक्यं सायकलवर जुळवत गेलो होतो, ती सगळी विसरलो. “माझी चूक झाली,” एवढंच निघालं.

त्यांनी मला असं बघितलं, जसं चौथीच्या पोराला बघत असतील. “पेपर तुम्हीच तपासलात, मार्क तुम्हीच कापलेत. आता फेरतपासणीपण तुम्हीच?”

“नाही. जळगावचा माणूस.”

“मग ठीक आहे.” हसल्या. खरंच हसल्या! मग डोळे मिटून म्हणाल्या, “मला वाटायला लागलं होतं, माझंच मन आजारी आहे. तसं नव्हतं, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.”

शनिवार, २० डिसेंबर

बुधवारीच रजिस्टर काढून बसलो होतो. पाच आठवड्यांत खाली आणलेले रिपोर्ट एक्केचाळीस. एकेक नाव, एकेक पत्ता. देवपुरातले सायकलवर, बाकी एसटीने. परत रक्त काढायचं, जळगावला धाडायचं. पुना मळेकरी मात्र कसलाही रिपोर्ट न विचारता बरा झालाय, टमाटे घेऊन बाजारात बसलेला दिसला. देव मोठा.

कोणी शिव्या दिल्या, कोणी चहा पाजला. एकाने दोन्ही. आधी शिव्या, मग चहा.

काल दोंडाईचाला गेलो होतो, उखर्डू आबांकडे. वय सत्तर, छातीत दुखलं म्हणून एसजीओटी केलं होतं. ते हृदयाला इजा झाली तरी वाढतं. खाटेवर बसून माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “काय रे भो, परवा तुनाच कागदवर चांगला व्हतू मी. आज घर येवून आजारी करस?”

म्हटलं, “आबा, आजारी आहात की नाही तेच बघायला आलोय.”

“मंग दख,” म्हणाले आणि दंड पुढे केला, “पन यंदा भागू नको!”

घरात सगळे हसले. मीही.

आबा ठीक निघाले. आतापर्यंत तपासलेल्यांपैकी दोघांची औषधं डॉक्टरांनी बदलली. कोणाचं न निभणारं असं काही झालं नव्हतं. लताबाईंचं तेवढं आहे. त्यांचा आजचा आकडा एकशे नव्वद. वर गेला नाही, एवढंच.

माझा पाठवला नाही. धावपळीत राहिलं.

मंगळवार, २३ डिसेंबर

डॉक्टरांनी रस्त्यात अडवलं. सायकलचं हँडल धरून उभे. “तुमचे डोळे आरशात बघितलेत का?”

“बघितले.”

“मग ही सायकल कशाला? निजा घरी. तुमची व्हायरसची कावीळ आहे. इतकी वर्षं लोकांचं सिरम पिपेटच्या नळीने तोंडाने ओढताय, आश्चर्य काय?”

म्हटलं, “अकरा जण राहिलेत.”

“ते अकरा जण तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत!”

ते खरं असेल. पण नावं राहिलेली असली की झोप लागत नाही.

शुक्रवार, २६ डिसेंबर

एकशे एकवीस! उतरायला लागलं! ट्रंक कॉल ठेवला आणि किराणावाल्याला उगाच मिठी मारावीशी वाटली. दवाखान्यात सांगायला गेलो तर मोतीलाल बायकोला मुगाची खिचडी चमच्याने भरवत होता. मला बघून लाजला. त्या म्हणाल्या, “हे आजकाल फार हळू भरवतात हो.” त्याने मान खाली घातली. मी बाहेर आलो.

दुपारी भागाबाई घरी आली. मी पलंगावर. पदराच्या गाठीतून काविळीची माळ काढली — कुठल्याशा गावावरून, कुठल्याशा बाबाकडून सकाळी पायी जाऊन आणलेली. काड्यांची, डोक्यावर मावेल एवढी. “सूनले बी घाली शे. तुले बी घाल. लांबत जाई तशी कावीळ उतरी.”

काड्या वाळतात, गाठी सैल होतात, माळ आपोआप लांबते. निरोगी माणसाच्या डोक्यावरही लांबेल. मला ठाऊक आहे. पण माझ्या कागदावर त्या म्हातारीने दोन महिने इमान ठेवलं, तर तिच्या माळेवर मी आठ दिवस ठेवू शकतो. घातली.

सुमन म्हणाली, “आता कसे छान दिसता. नवरदेव.”

शुक्रवार, २ जानेवारी १९८७

लताबाई सदुसष्ट. खोकला मात्र परत लागलाय त्यांना. गोळ्या बंद होऊन अठरा दिवस झाले. आता शर्यत आहे — लिव्हर आधी सावरतं, की टीबी आधी उठतो.

एक्केचाळीस नावं पूर्ण. शेवटच्या नावापुढे खूण केली आणि रजिस्टर मिटलं. दुकानात गर्दी कमी झालीय, पण अगदीच बंद नाही. डॉक्टरांची चिठ्ठी परवा आली, साखरेच्या टेस्टसाठी. चिठ्ठीच्या खाली बारीक अक्षरात, ‘पटलं नाही तर येऊन सांगणे.’ जपून ठेवली.

दुकानाची नॉर्मल नळी आता सुमनची. आज पहिल्यांदा अधिकृत. एकोणीस. “मले वाटलंच होतं,” म्हणाली, “या घरात ठिकाणावर मीच एकटी.”

बुधवार, ७ जानेवारी

अंगात त्राण नाही. दोन ओळी लिहून दमतो. दुपारी लताबाईंचा थर्मास भरत होतो तर सुमनने समोर येऊन माझी बाही वर सारली. “आज तुमची नळी गेल्याबिगर हा डब्बा हलणार नाही.” मी म्हटलं, माझं आपोआप उतरेल. ती डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिली.

काढलं. बर्फात दोन नळ्या गेल्या.

शुक्रवार, ९ जानेवारी

लताबाई तेहतीस! खरे तेहतीस, न भागता. उद्या सकाळी पहिली गोळी. एकच. आठ दिवसांनी दुसरी. बाई सुटल्या.

चुडामणने हे फोनवर सांगितलं नाही. दुपारच्या एसटीने स्वतः आला. लॅब बंद ठेवून. लताबाईंचा कागद हातात, माझा शर्टाच्या खिशात. सुमनने चहा ठेवला तर नको म्हणाला. त्याने कधी चहा नाकारलेला मला आठवत नाही. मी हात पुढे केल्यावर खिशातला कागद काढून दिला, आणि खिडकीकडे बघत राहिला.

अकराशे चाळीस.

“तीनदा लावलं तोता,” म्हणाला. “पातळ करून, नवीन मालाने, भावाची नळी शेजारी ठेवून. तीनदा.”